दोन बॅटऱ्या असूनही सकाळी बंद पडणारी पिकअप: एक प्रकरण

घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी जनावरांना पावसाळ्याआधी द्याव्या लागतात. म्हणजे मे महिना आणि जूनचे पहिले दिवस, वर्षातला सगळ्यात उकाड्याचा काळ. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. तापली तर तिचा जोर जातो, आणि गोठली तरी या लसी वाया जातात. मुलुंडला राहणाऱ्या एक पशुवैद्यक बाई या दिवसांत मोखाडा, जव्हार आणि खोडाळ्याच्या बाजूला पाड्यांवर शिबिरं घेतात. त्यांची डबल कॅब, फोर बाय फोर डिझेल पिकअप आमच्या भांडुपच्या गॅरेजला आली ती याच हंगामाच्या तोंडावर. तक्रार एका ओळीची होती: "दादा, दोन बॅटऱ्या आहेत, तरी सकाळी फ्रीजही बंद आणि गाडीही बंद."

ड्रायव्हरकाकांनी जास्त सविस्तर सांगितलं. मुक्कामाच्या गावी संध्याकाळी पाचच्या सुमाराला इंजिन बंद व्हायचं. रात्रभर हौद्यातला ४० लिटरचा कंप्रेसर फ्रीज चालू असायचा. सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट. मग गावातल्या एखाद्या जीपची जंपर केबल लावून गाडी चालू करायची. दोन वेळा लसीचा साठा फेकून द्यावा लागला होता, आणि डॉक्टरबाईंना खरा त्रास त्याचा होता. लस पैशाने परत मिळते, पण पाड्यावर गोळा झालेली माणसं आणि जनावरं त्या दिवशी परत जातात आणि पुढच्या वेळी कमी येतात.

हौद्यातली दुसरी बॅटरी वर्षभरापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बसवली होती. त्यावर उपाय म्हणून डॉक्टरबाईंना वाटत होतं की आणखी मोठी बॅटरी टाकावी. बहुतेक मालकांना हेच वाटतं. मी त्यांना सांगितलं, आधी मोजू द्या. दुसरी बॅटरी बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. ती रोज पूर्ण भरेल अशी व्यवस्था करणं हे खरं काम, आणि नव्वद टक्के गाड्यांमध्ये तेच राहून गेलेलं असतं.

आधी मीटर, मग पाना

गाडी रात्रभर आमच्याकडे उभी होती. सकाळी काहीही न सोडता, इंजिन चालू न करता मीटर लावला. बॉनेटखालच्या मूळ बॅटरीवर १२.०८ व्होल्ट. हौद्यातल्या बॅटरीवर १२.०८ व्होल्ट. दुसऱ्या दशांशापर्यंत सारखा आकडा. इथेच निम्मं निदान झालं. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्या एकमेकींपासून तुटलेल्या असायला हव्यात, आणि तुटलेल्या दोन वेगळ्या वयाच्या बॅटऱ्या असं तंतोतंत एक व्होल्टेज दाखवत नाहीत. म्हणजे त्या आतून जोडलेल्याच होत्या.

बॉनेटखाली दोन बॅटऱ्यांना जोडणारा गोल सोलेनॉइड होता, म्हणजे कॉइलला करंट दिला की ओढला जाऊन जाड करंट जोडणारा स्विच. त्याच्या कॉइलची वायर काढली, दोन्ही जाड बोल्टवरच्या केबल सुट्या केल्या आणि मीटर बजरवर टाकला (दोन टोकं आतून जोडलेली असली तरच तो वाजतो). बजर वाजला. कॉइलला करंट नाही तरी आतले पॉइंट चिकटलेले. सोलेनॉइड कापून पाहिला तेव्हा तांब्याची चकती आणि पॉइंट एका कडेला वितळून एकजीव झालेले दिसले, आणि कॉइलवरचं वार्निश काळं पडून टवके निघत होते. हा सोलेनॉइड सेल्फसाठी वापरतात तो होता. सेल्फचा सोलेनॉइड काही सेकंद ओढून सोडण्यासाठी बनवलेला असतो. इथे तो गाडी चालू असेपर्यंत, तीन-तीन तास, ओढलेला राहायचा. कॉइल तापणार, पॉइंट चिकटणार, हे ठरलेलंच. दिसायला कायम ओढून ठेवायचा सोलेनॉइडही जवळपास असाच असतो, त्यामुळे दुकानातून घेताना "कंटिन्युअस ड्यूटी" असं स्पष्ट सांगून, त्यावर लिहिलेलं वाचून घ्यावं लागतं.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर नवा सोलेनॉइड टाकून गाडी परत दिली असती, आणि फ्रीज तरीही बंद पडला असता. गाडी सुरू झाली असती एवढंच.

पुढचं मोजमाप इंजिन चालू करून केलं. मूळ बॅटरीच्या पोलवर १४.२ व्होल्ट, मागच्या केबलवर क्लॅम्प मीटर १८ अँपिअर दाखवत होता. त्याच वेळी मागच्या बॅटरीच्या पोलवर १३.४. वाटेत पाऊण व्होल्टपेक्षा जास्त गायब. कुठे गायब झालं ते शोधायला मीटरचा एक लीड मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरा, लांब वायर जोडून, मागच्या पॉझिटिव्हवर ठेवला: ०.४. तसंच निगेटिव्हच्या बाजूला: तिथेही ०.४.

पॉझिटिव्हचा हिशोब सरळ निघाला. केबल ६ चौरस मिलिमीटरची, लांबी साधारण ६ मीटर. तांब्याच्या एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रोध ०.०१७२ ओहम. म्हणजे या केबलचा १७ मिलिओहम. १८ अँपिअरला ०.३१ व्होल्ट नुसत्या तारेत जातात, उरलेले लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) आणि सोलेनॉइडमध्ये. निगेटिव्हला तर केबलच नव्हती. हौद्याच्या पत्र्यात एक सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारून अर्थ, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, घेतला होता. स्क्रू काढला तर तो हाताने फिरला, त्याच्या आट्यांवर तांबूस भुगा आणि लगच्या तोंडावर हिरवट थर. मुंबईची हवा वर्षभर दमट आणि खारी असते. रंग खरवडून, पत्र्यात स्क्रू मारून घेतलेला अर्थ इथे एक पावसाळा काढत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कोणी म्हणेल, पाऊण व्होल्टने काय एवढं बिघडतं? शिशाच्या बॅटरीत खूप बिघडतं. तिला पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास व्होल्ट आणि बरेच तास लागतात. १३.४ वर ती वर्षभर अर्धवट भरत राहते, प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात, आणि ६५ अँपिअर-अवरची (किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप) बॅटरी हळूहळू तीस-पस्तीसची होऊन बसते. चाळीच्या गच्चीवर मोठी टाकी बसवली आणि तिला अर्ध्या इंचाची नळी दिली, तर टाकी मोठी असून उपयोग काय? इथे नेमकं तेच झालं होतं.

मग गाडी रस्त्यावर घेतली. मीटर केबिनमध्ये आणला आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्यापर्यंत जाऊन आलो. निघताना १४.३. साधारण वीस मिनिटांनी, एका वेगात गाडी चालू असताना, १२.९ ते १३.०. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झटकन १४.६, पाय ठेवला की परत खाली. अल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरमध्ये, दोष नाही. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनचा कंप्युटर ठरवतो. मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर एक सेन्सर असतो. बॅटरी भरली असं त्याला दिसलं की डिझेल वाचवायला कंप्युटर चार्जिंग कमी करतो आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना वाढवतो. हौद्यातली बॅटरी त्या सेन्सरला दिसतच नव्हती. कंप्युटरच्या दृष्टीने गाडीत एकच बॅटरी होती आणि ती भरलेली होती. मागची बॅटरी वाटेत उपाशी, तीही मुलुंडपासून मोखाड्यापर्यंत.

आता लोकांच्या लाडक्या उपायाबद्दल. व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले बाजारात सहज मिळतो. तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. जुन्या पद्धतीच्या, कायम १४ च्या वर चालणाऱ्या अल्टरनेटरवर तो उत्तम काम करतो आणि मी तो अनेक जुन्या बोलेरो आणि जिप्सींना बसवलेला आहे. पण १२.९ वर चालणाऱ्या या गाडीत तो एक तर तुटलेला राहिला असता, नाहीतर जोडलेला राहून काहीच भरलं नसतं.

फ्रीजच्या बटणाची गोष्ट

एक कोडं उरलं होतं. फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय असते. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की तो स्वतःच बंद होतो. मग मूळ बॅटरीही इतकी उतरली कशी?

फ्रीजचं पॅनल पाहिलं तर बॅटरी संरक्षणाची सेटिंग सगळ्यात खालच्या पायरीवर. काका म्हणाले, "वरच्या सेटिंगला तो सारखा बंद पडायचा, म्हणून मी खाली केलं." त्यांचं बरोबर होतं, बंद पडायचाच. फ्रीजला वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दिली होती. प्लग बाहेर काढला तर टोकाशी प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं, आतली स्प्रिंग सैल. कंप्रेसर चालू झाला की या सॉकेटमध्येच अर्धा व्होल्ट जायचा. बॅटरीत १२ असताना फ्रीजला साडेअकराच दिसायचे आणि तो घाबरून बंद व्हायचा. म्हणून सेटिंग खाली आली. खालच्या सेटिंगला असे फ्रीज साडेनऊ-दहा व्होल्टपर्यंत ओढत राहतात. आणि चिकटलेल्या सोलेनॉइडमुळे ते ओढणं दोन्ही बॅटऱ्यांतून होत होतं.

सैल सॉकेट, म्हणून खालची सेटिंग. खालची सेटिंग आणि चिकटलेले पॉइंट, म्हणून दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या. बारीक तार आणि सुटलेला अर्थ, म्हणून दुसऱ्या दिवशी परत न भरणं. यातली कुठलीही एक गोष्ट सुधारून बाकीच्या तशाच सोडल्या असत्या तर तक्रार परत आली असती, फक्त वेगळ्या वेषात.

किती लागतं त्याचा हिशोब

डॉक्टरबाईंबरोबर बसून कागदावर मांडलं. फ्रीज चालू असताना ४५ वॉट, म्हणजे पावणेचार अँपिअर. मे महिन्यात झाकण वारंवार उघडत असेल तर तो निम्मा वेळ चालतो असं धरावं. इंजिन बंद असण्याचे १५ तास, म्हणजे सुमारे २८ अँपिअर-अवर. संध्याकाळी जनावरं तपासायला २० वॉटचा एलईडी दिवा तीन तास: ५. लॅपटॉप, फोन, छोटा इन्व्हर्टर आणि त्यातली गळती: १२. एकूण ४५ अँपिअर-अवर एका रात्रीत.

शिशाची सेल्फसाठीची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. तिच्या प्लेटा पातळ असतात, एकदम मोठा करंट क्षणभर देण्यासाठी. ६५ ची बॅटरी नवीकोरी आणि पूर्ण भरलेली धरली तरी वापरायला ३२ मिळतात. म्हणजे सगळं वायरिंग निर्दोष असतं तरी ही बॅटरी या कामाला पुरली नसती. हा कागद गाडीत पहिली बॅटरी टाकण्याआधीच व्हायला हवा होता. त्याला पाच मिनिटं लागतात.

दोन पर्याय होते. एक, १०० अँपिअर-अवरची एजीएम: शिशाचीच, पण डीप सायकलची, म्हणजे खोलवर उतरवून परत भरता येणारी. वजन तीस किलोच्या आसपास, वापरायला ५०. दुसरा, १०० ची लिथियम आयर्न फॉस्फेट: वजन १२-१३ किलो, वापरायला ८० ते ९०, किंमत बरीच जास्त. मी लिथियमकडे झुकलो ते वजनामुळे नाही, भरण्याच्या वेळेमुळे. शिशाची बॅटरी ८० टक्क्यांनंतर करंट घेणं कमी कमी करत जाते. शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात आणि डॉक्टरबाईंच्या प्रवासात एवढे तास नाहीतच. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. मुलुंडहून मोखाड्याला तीन-साडेतीन तास, ३० अँपिअरने गेले तर ९० अँपिअर-अवर. रात्रीच्या दुप्पट.

पण ही बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडायची नाही. तिचा आतला रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती मिळेल तेवढा करंट ओढते. सायनच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद, हवा नाही, आणि अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने चालतोय अशा अवस्थेत त्याचे डायोड आणि वाइंडिंग जळू शकतात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर. तो अल्टरनेटरकडून १२.९ आले काय आणि १४.६ आले काय, बॅटरीला हवे तेवढेच व्होल्ट आणि ठरलेलेच ३० अँपिअर देतो. गाडीच्या कंप्युटरने कितीही चढ-उतार केला तरी मागच्या बॅटरीला त्याचा पत्ता लागत नाही. या एका वस्तूने या प्रकरणातला अर्धा त्रास संपला.

"मग मूळ बॅटरी उतरली तर मागच्या लिथियमवरून गाडी चालू होईल ना?" डॉक्टरबाईंचा हा प्रश्न रास्त होता. उत्तर नाही असंच द्यावं लागलं. डिझेल इंजिनच्या सेल्फला शेकड्यांनी अँपिअर लागतात. या बॅटरीतलं संरक्षण सर्किट १०० अँपिअरच्या आसपास तोडतं. त्यासाठी वेगळा, हातात मावणारा जंप स्टार्टर केबिनमध्ये ठेवायला सांगितला. गाडी सोडून गेल्यावर मूळ बॅटरीवर आता कुठलाच जादा लोड नाही, त्यामुळे त्याची गरज सहसा पडू नये.

बसवणी

सामानासाठी लोहार चाळ, नटबोल्टला नागदेवी. लोहार चाळीत केबल घेताना एक परीक्षा मी नेहमी करतो, दुकानदाराला आवडो न आवडो. केबलच्या टोकाची एक तार घेऊन ब्लेडने खरवडायची. कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं वरून चंदेरी दिसतं आणि खरवडलं की आत लाल निघतं. हे चांगलं, खाऱ्या हवेत हेच टिकतं. उलट, वरून लाल आणि खरवडलं की आत चंदेरी निघालं तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार आहे. ती घेऊ नये. जाडी तीच असून रोध दीडपटीहून जास्त असतो, आणि क्रिम्पखाली (दाबून केलेल्या जोडाखाली) ॲल्युमिनियम हळूहळू सैल पडतं.

केबल १६ चौरस मिलिमीटर घेतली, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्हीसाठी. चार्जर ३० अँपिअर देताना घेतो मात्र ३८ च्या आसपास, कारण व्होल्ट वाढवायचे आणि थोडी उष्णता वाया जाते. जाऊन-येऊन १० मीटरला ०.४ व्होल्ट जातात. चार्जर तेवढे भरून काढतो. जुन्या ६ च्या तारेत याच करंटला १.१ व्होल्ट गेले असते आणि तार गरम झाली असती.

फ्यूज दोन्ही टोकांना. जुन्या कामात फक्त बॉनेटकडे होता, आणि हा प्रकार मला फार ठिकाणी दिसतो. त्या केबलला दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. मध्येच चॅसीला घासून केबल उघडी पडली तर पुढचा फ्यूज जाईल, पण मागची बॅटरी त्या शॉर्टला पोसत राहील, गाडी पेटेपर्यंत. ६० अँपिअरचा फ्यूज मूळ बॅटरीपासून एका वितीच्या आत, आणि तसाच मागच्या बॅटरीजवळ. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो केबलला झेपेल त्यापेक्षा मोठा कधीही नको.

निगेटिव्ह केबल मूळ बॅटरीच्या पोलवर थेट लावली नाही. सेन्सर त्या पोलवरच बसलेला आहे. थेट पोलवर लावलं असतं तर हा करंट सेन्सरला चुकवून गेला असता आणि कंप्युटरचा हिशोब परत चुकला असता. सेन्सरच्या पुढे, कंपनीच्या चॅसी अर्थच्या बोल्टवर लावली.

बॅटरीची जागा केबिनमध्ये, मागच्या सीटच्या पाठीमागे. बॉनेटखाली लिथियमला उष्णता सोसत नाही. हौद्यात कॅनॉपी (वरचं छप्पर) असली तरी पावसात पाणी येतंच, आणि भांडुप-कुर्ल्याच्या एलबीएस रोडवर पाणी साचतं तेव्हा उंचीचा प्रत्येक इंच मोलाचा. शिशाची उघडी बॅटरी बंद केबिनमध्ये कधीच ठेवू नये, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. या बॅटरीत तो प्रश्न नाही. पण १३ किलोची वस्तू डोक्याच्या मागे आहे हे विसरून चालत नाही. पट्ट्याने बांधून भागवलं नाही. लोखंडी अँगलची ट्रे बनवून ती सीटच्या मूळ बोल्टांवर घेतली आणि वरून पट्टी आवळली. चार्जर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर, मागे-वर मोकळी जागा सोडून. तो चालताना चांगलाच तापतो आणि जास्त तापला की स्वतःच करंट कमी करतो.

केबल चॅसीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सर आणि डिझेलच्या पाइपच्या विरुद्ध अंगाने नेली, कॉरुगेटेड पाइपमध्ये, फूटभर अंतरावर क्लिप मारत. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ब्रेक पाइपला टाय मारणं सोपं असतं, हाताशी असतो, पण ते करायचं नाही. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक चढवली. डाग दिलेला नाही. वितळलेलं कथिल तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी केबल नेमकी त्या कडेला तुटते.

चार्जर कधी चालू व्हायचा हे दोन गोष्टींवर ठेवलं: इग्निशनचा सिग्नल आणि इंजिन चालू असल्याचं व्होल्टेज, दोन्ही असतील तरच. नुसत्या इग्निशनवर ठेवलं असतं तर कोणी चावी फिरवून गाणी ऐकत बसलं की ३८ अँपिअर मूळ बॅटरीतून गेले असते. सिग्नल फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढणारा जोड) लावून घेतला, कंपनीची एकही वायर कापली नाही. वॉरंटीचा वाद टाळायचा तर हे पाळावंच. त्याच सिग्नलवर डॅशबोर्डला एक स्विच दिला. पावसात रात्री, एसी, वायपर आणि दिवे चालू असताना तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलं तर काकांनी चार्जर बंद करावा, अल्टरनेटरला श्वास मिळतो.

फ्रीजला सिगारेट सॉकेटऐवजी अँडरसन प्लग (जाड करंटसाठीचा घट्ट बसणारा प्लग), स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज आणि ६ चौरस मिलिमीटर तार. शेवटी शंट (जाणारा-येणारा करंट मोजण्यासाठी मध्ये घालायची पट्टी) आणि त्याचं छोटं मीटर. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टमीटर पाहून किती उरलं ते कळत नाही. गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपिअर मोजणारं मीटरच लागतं. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट आणि बाकी सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडे. एक जरी वायर थेट बॅटरीला राहिली तरी मीटर खोटं बोलायला लागतं.

तपासणी

गाडी लगेच मोखाड्याला पाठवली नाही. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि नोंद ठेवणारा थर्मामीटर घालून ती डॉक्टरबाईंच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत इंजिन बंद ठेवून उभी केली. चोवीस तासांत मीटरवर ४४ अँपिअर-अवर गेलेले, तापमान ३ ते ५ अंशांमध्ये. फ्रीजच्या हिशोबाला हा आकडा अगदी लागून आला. मूळ बॅटरीवर सकाळी १२.६, म्हणजे तिला कोणी हात लावलेला नाही. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. इंजिन चालू केल्यावर चार्जरच्या इनपुटला १३.२ आणि बॅटरीकडे ३० अँपिअर जाताना दिसले.

फ्रीजची सेटिंग खालीच ठेवली, पण आता कारण वेगळं आहे: बॅटरीचं स्वतःचं संरक्षण सर्किट आहे आणि मूळ बॅटरी सुरक्षित आहे. काकांना हे समजावून सांगितलं, नाहीतर पुढच्या कुणा मिस्त्रीने ती "दुरुस्त" केली असती.

विम्याचं कामही त्याच आठवड्यात करून घ्यायला लावलं. कंपनीने न बसवलेली विजेची उपकरणं पॉलिसीत वेगळी नोंदवता येतात. आयएमटी (इंडिया मोटर टॅरिफ) २४ हे त्याचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची नोंद, किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता. नोंद नसेल तर अपघातात या सामानाचे पैसे मिळत नाहीत, आणि आग लागली तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न जादा वायरिंगबद्दलच असतो. बिलं, फ्यूजच्या जागांचा नकाशा आणि वायरिंगचा हाताने काढलेला आराखडा ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आहे.

त्या हंगामातली शिबिरं पार पडली. एका रात्रीच्या मुक्कामानंतर मीटरवर निम्म्याहून थोडं जास्त उरलेलं असायचं आणि कसारा उतरून परत येईपर्यंत बॅटरी भरलेली असायची. दोन रात्री एकाच गावी, मध्ये गाडी हलवायची नाही, असं झालं तर मात्र दुसऱ्या सकाळी ती रिकामी होण्याच्या बेतात येते. ते डॉक्टरबाईंना आधीच सांगितलं होतं. त्यावर तूर्त उपाय म्हणजे संध्याकाळी तासभर इंजिन चालू ठेवणं. कॅनॉपीवर १०० वॉटचं सोलर पॅनल टाकलं तर मे महिन्याच्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-अवर मिळतील. पावसाळ्यात त्याच्यावर भरवसा ठेवता येणार नाही, पण त्यांची दोन मुक्कामांची शिबिरं उन्हाळ्यातच असतात. चार्जर घेताना सोलरचं इनपुट असलेलाच घेतला आहे आणि कॅनॉपीपर्यंत वायर ओढून टोक सील करून ठेवलं आहे. पॅनल दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं आहे. त्याआधी, पाऊस संपला की गाडी एकदा उचलून दोन्ही अर्थचे बोल्ट, लगची तोंडं आणि चॅसीखालच्या क्लिपा बघायच्या आहेत, आणि ३० अँपिअर जात असताना दोन्ही बाजूंचा व्होल्टेज ड्रॉप परत मोजून पहिल्या आकड्यांशेजारी लिहून ठेवायचा आहे.